आधी बारा आठवडे, मग अर्ज

पत्र: मी 49 वर्षांची आहे. कलाशिक्षण पहिल्या वर्षानंतर घरच्या अडचणींमुळे सुटलं आणि पुढची 26 वर्षं हिशेबाच्या नोकरीत गेली. आता मुलं मार्गी लागली आहेत, पुन्हा रीतसर चित्रकला शिकायची आहे. गेली दोन वर्षं मोबाइलमधल्या फोटोंवरून पेन्सिलीने चेहरे काढते आहे. लोक हुबेहूब म्हणतात, पण समोर खरा माणूस बसवला की हातच चालत नाही. अभ्यासक्रमासाठी पंधरा ते वीस कामांचा पोर्टफोलिओ मागतात आणि मुदत पाच महिन्यांवर आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि अर्धा रविवार माझ्या हातात असतो. वर्गात सगळी विशीतली मुलं असणार. उशीर झालाय का? आणि सुरुवात कुठून करू?

ताई,

उशीर झालेला नाही. नेल पेंटर या अमेरिकेतल्या नामांकित इतिहासकार. प्रिन्स्टन विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर, साठी ओलांडलेली असताना, त्या चित्रकलेच्या पदवीच्या वर्गात जाऊन बसल्या. 2009 मध्ये पदवी घेतली आणि 2011 मध्ये ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमधून पदव्युत्तर शिक्षणही पूर्ण केलं. व्हॅन गॉग 1886 मध्ये अँटवर्पच्या अकादमीत दाखल झाला तेव्हा 32 वर्षांचा होता. म्हणजे वर्गात वयाने मोठा विद्यार्थी असणं ही काही आजची गोष्ट नाही.

तुमच्या पत्रातली खरी अडचण वेगळीच आहे आणि तुम्ही ती स्वतःच लिहिली आहे: फोटोवरून जमतं, समोर बघून जमत नाही. यात हाताचा दोष नाही. समोरच्या खोल, हलत्या, दोन डोळ्यांनी दिसणाऱ्या जगाचं सपाट कागदावर रूपांतर करणं हे चित्रकाराचं पहिलं काम. फोटोत ते कॅमेऱ्याने आधीच उरकलेलं असतं. तुम्ही दोन वर्षं करड्या रंगाचे तयार डाग दुसऱ्या कागदावर नेत आहात. त्यात संयम लागतो, तो तुमच्याकडे आहे हे सिद्ध झालं. पण मोजणं, निवडणं, सोडून देणं याची सवय त्यातून लागत नाही. शिवाय मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, सावल्या सरसकट काळ्या होतात, आणि केसापासून कॉलरपर्यंत प्रत्येक कड सारखीच धारदार येते. पोर्टफोलिओ तपासणारे हे एका नजरेत ओळखतात. म्हणून फोटोवरून केलेले चेहरे पोर्टफोलिओत जास्तीत जास्त एक ठेवा. एकही नसला तरी बिघडत नाही.

पाच महिने म्हणजे साधारण 21 आठवडे. त्यातले पहिले 12 फक्त समोर बघून रेखाटन, पुढचे 6 स्वतःची एक मालिका आणि शेवटचे 3 निवड, फोटो काढणं, लिहिणं. दोन संध्याकाळी दोन-दोन तास आणि रविवारी चार, असे आठवड्याला आठ तास धरले तर बारा आठवड्यांत 96 तास होतात. एवढ्या वेळात नजरेत फरक पडतो, अट एकच: या काळात एकही ‘पूर्ण चित्र’ करायचं नाही. मोठ्या वयात परतणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान याच मोहाने होतं. वेळ कमी, म्हणून बसल्यासारखं काही दाखवण्याजोगं व्हायला हवं असं वाटतं. मग माणूस जे आधीच येतं तेच पुन्हा पुन्हा करत राहतो.

सामान थोडंच लागेल. ए2 आकारापेक्षा जरा मोठा ड्रॉइंग बोर्ड, चार क्लिपा, झटपट सरावासाठी ए2 न्यूजप्रिंटचा गठ्ठा, जपून ठेवायच्या कामांसाठी 130 ते 150 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम) कार्ट्रिज पेपर, म्हणजे रेखाटनाचा जाड कागद, जाड-बारीक अशा विलो चारकोलच्या (विलो झाडाच्या काटक्यांच्या कोळशाच्या) कांड्या, एचबी, 2बी आणि 6बी पेन्सिली, हाताने मळून हवा तो आकार देता येणारा रबर आणि एक सुती फडकं. न्यूजप्रिंट काही महिन्यांतच पिवळा पडून ठिसूळ होतो, त्यामुळे त्यावर पोर्टफोलिओचं काम नको. पहिले आठ आठवडे पेन्सिल बाजूला ठेवा आणि चारकोलच वापरा. चारकोलने पापणीचा एकेक केस काढता येत नाही आणि चुकलेला भाग फडक्याच्या एका फटक्यात निघून जातो. बारकाव्यात शिरण्याची तुमची सवय मोडायला हेच हवं.

बोर्ड टेबलावर आडवा ठेवू नका. आडव्या कागदाची वरची बाजू डोळ्यांपासून लांब जाते आणि आखडलेली दिसते. हात नकळत ते भरून काढतो, आणि कागद उभा धरला की चित्राचा वरचा भाग ताणलेला दिसतो. ईझल (चित्र उभं ठेवायची घोडी) नसेल तर बोर्डाची खालची कड मांडीवर आणि वरची बाजू समोरच्या खुर्चीच्या पाठीला टेकवा. वस्तू आणि कागद यांच्यामध्ये मान न वळवता फक्त डोळे हलवून बघता आलं पाहिजे.

पहिल्या रविवारी काय करायचं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. एक बरणी, एक खोका आणि एक बाटली अशी मांडा की त्या एकमेकींना थोड्या झाकतील. एका बाजूने एकच दिवा, खोलीतले बाकीचे बंद. कागदावर वेगळा मंद उजेड घ्या. उजव्या हाताने काढत असाल तर तो डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. मांडणी जेवढी रुंद आहे त्याच्या निदान तिप्पट अंतरावर बसा. जवळ बसलात तर सगळं एका नजरेत मावत नाही, तुकड्यातुकड्याने बघावं लागतं आणि तुकडे जुळत नाहीत.

काढायला सुरुवात करण्याआधी कागदावर चारच खुणा करा: मांडणीचं सगळ्यात वरचं टोक, खालचं, डावं आणि उजवं. आता फक्त मोजण्यासाठी पेन्सिल हातात धरून हात समोर पूर्ण ताठ करा, एक डोळा मिटा, पेन्सिलीचं टोक बाटलीच्या माथ्याला लावा आणि बाटलीच्या तळाशी अंगठ्याने खूण धरा. तेच माप आडवं करून मांडणीच्या रुंदीत किती वेळा बसतं ते मोजा. समजा दीड वेळा बसलं, तर कागदावरही बाटलीची उंची आणि एकूण रुंदी यांचं हेच प्रमाण यायला हवं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कोपर वाकणं. दोन इंचांनी जरी हात आत आला तरी माप बदलतं, आणि मग ‘मोजूनही चुकतंय’ असं वाटतं. दुसरी चूक म्हणजे मोजलेलं माप जसंच्या तसं कागदावर उतरवणं. पेन्सिलीवरचं माप हे फक्त प्रमाण आहे, चित्राचा आकार तुमच्या चार खुणांनी आधीच ठरवला आहे.

मग बाटलीची कड काढण्याआधी बाटली आणि बरणी यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा आकार काढा. त्या जागेला नाव नसतं, त्यामुळे डोक्यातली ‘बाटली’ मध्ये लुडबुड करत नाही आणि डोळा जे आहे तेच बघतो. बरणीच्या तोंडाची आणि तळाची लंबवर्तुळं नीट बघा. दोन्ही डोळ्यांच्या पातळीखाली असतील तर तळाचं वर्तुळ तोंडापेक्षा जास्त गोल, जास्त उघडलेलं दिसतं. जवळजवळ प्रत्येक जण तळ सरळ रेषेत काढतो, कारण बरणी टेबलावर सपाट बसली आहे हे ठाऊक असतं. शिवाय लंबवर्तुळाला दोन्ही टोकांना अणी नसते, तिथेही रेषा वळतेच. हे दोन दोष नाहीसे व्हायला चार-पाच रविवार लागतील. लागू द्या.

पहिले चार आठवडे रेषा आणि प्रमाण एवढंच. पाचव्या ते आठव्या आठवड्यात छायाप्रकाश. डोळे अर्धवट मिटून बघा, बारीकसारीक फरक विरघळतात आणि मोठे गट दिसतात. सुरुवातीला तीनच टोन वापरा: कोरा कागद, मधला करडा, गडद. वस्तूचा रंग काहीही असो, तिचा कुठला भाग कुठल्या गटात जातो हे आधी ठरवा. सावलीच्या भागात उजेडाच्या गटाइतका फिका ठिपका घातलात की आकार कोसळतो. काचेच्या आणि चकचकीत वस्तूंत हे जास्त होतं. दर वीस मिनिटांनी उठून तीन मीटर मागे जा, किंवा चित्र आरशात बघा. आरशात कललेल्या बाटल्या लगेच पकडल्या जातात.

नवव्या ते बाराव्या आठवड्यात माणसं. जवळपास लाइफ ड्रॉइंगचे, म्हणजे समोरच्या मॉडेलवरून रेखाटनाचे, खुले वर्ग असतील तर आठवड्याचा एक दिवस तिथे द्या, याला दुसरा पर्याय जवळजवळ नाही. नसतील तर घरातली वाचत किंवा झोपलेली माणसं, कुठेही वाट बघत बसलेले लोक आणि आरशातल्या तुम्ही स्वतः. एका बैठकीत एक मिनिटाची दहा रेखाटनं, दोन मिनिटांची पाच, पाच मिनिटांची दोन आणि शेवटी वीस मिनिटांचं एक. मधल्या विश्रांतीसकट तासाभरात होतं. एका मिनिटात चेहऱ्याला हात लावायचा नाही: डोक्यापासून वजन पेलणाऱ्या पायापर्यंत जाणारी एक रेषा, खांद्यांचा कल, कमरेचा कल, बस्स. बहुतेक वेळा हे दोन कल एकमेकांच्या उलट असतात, आणि ते पकडले की माणूस उभा राहिलेला दिसतो. चेहऱ्यावर याल तेव्हा लक्षात ठेवा की डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. फोटोवरून काम करणारेही समोर माणूस आला की डोळे वर सरकवतात, कारण कपाळ आणि केस त्यांना बिनमहत्त्वाचे वाटतात. प्रौढ माणसाची उंची सुमारे सात ते साडेसात डोक्यांइतकी असते. नवशिक्यांच्या चित्रात डोकं मोठं आणि पावलं लहान येतात. चुकलेला एकही कागद फाडू नका, मागे तारीख घाला आणि ठेवून द्या. सहाव्या आठवड्यात पहिल्या आठवड्यातले कागद समोर मांडून बघा. तोपर्यंत शाबासकी कुणाकडूनही मागू नका.

आता चष्मा. हा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही, पण पन्नाशीच्या आसपास परतणाऱ्या कित्येकांचं काम इथेच अडतं. वाचायचा चष्मा 35 ते 40 सेंटीमीटरसाठी असतो. ईझलवरचा कागद डोळ्यांपासून 60 ते 70 सेंटीमीटरवर आणि समोरची वस्तू दोन-तीन मीटरवर. प्रोग्रेसिव्ह भिंगात (लांबचं, मधलं, जवळचं एकाच काचेत) मधल्या अंतराचा पट्टा अरुंद असतो, त्यामुळे कागद स्पष्ट दिसावा म्हणून हनुवटी वर करून बसावं लागतं. तासाभराने मान आखडते आणि डोकं कललेलं असल्यामुळे मापंही बिघडतात. बोर्डसमोर बसून, हात नेहमीसारखा लांब करून, डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर कुणाला तरी टेपने मोजायला सांगा आणि तो आकडा घेऊन डोळे तपासणाऱ्यांकडे जा. त्या अंतरासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घेता येतो. समोरची वस्तू त्यातून किंचित धूसर दिसेल. सरावाच्या काळात ते चांगलंच आहे, बारकावे आपोआप गळतात.

खांदा आणि मनगट यांचीही काळजी घ्या. चारकोल लिहिण्याच्या पेनासारखा न धरता तळहाताखाली आडवा धरा आणि रेषा खांद्यातून ओढा. शक्य तेवढं उभं राहून काम करा, 25 मिनिटांनी पाच मिनिटं थांबा. कागदावरची पूड फुंकू नका, बोर्ड पुढे कलवून झटकून टाका; फुंकलेली पूड नाकातच जाते.

रंगाबद्दल थोडक्यात. या पाच महिन्यांत रंगात फार गुंतू नका. अर्जात रंगीत काम मागितलं असेल तर 300 जीएसएमच्या कागदावर अॅक्रिलिक घ्या आणि पाचच ट्यूब: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि एक थंड लाल. ट्यूबवर रंगद्रव्याचा संकेतांक असतो, अल्ट्रामरीनचा पीबी 29. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर आत मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी मिश्रण आहे असं समजा. अॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून मिसळताना जरा फिकं ठेवा. तैलरंग दोन तासांच्या संध्याकाळीला सोयीचे नाहीत. तरीही वापरलेत तर जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

तेराव्या आठवड्यापासून मालिका. इथे तुमची 26 वर्षं कामाला येतात. ‘एकटेपणा’, ‘स्त्रीचं जीवन’ असले मोठे विषय घेऊ नका. जिथे तुम्हाला पुन्हा पुन्हा जाऊन बसता येतं अशी एक जागा किंवा वस्तूंचा समूह घ्या. हिशेबाचं टेबल, फायलींचे ढिगारे, दिवसभर आकडे भरणारे हात, संध्याकाळी रिकाम्या झालेल्या खुर्च्या. हे विशीतल्या अर्जदाराकडे असूच शकत नाही, आणि तुम्ही ते इतकं बघितलं आहे की कुठलं काय सोडून द्यायचं हे तुम्हाला कळेल. आधी 10 गुणिले 15 सेंटीमीटरच्या चौकटींत तीसेक छोट्या रचना करा: वस्तू कडेला कापून, खूप जवळून, वरून, अर्धी चौकट रिकामी ठेवून. त्यांतल्या पाच निवडून मोठ्या करा. त्या छोट्या चौकटी फेकू नका. विचार कसा पुढे सरकला हे त्यांतच दिसतं आणि तपासणाऱ्यांना ते बघायचं असतं.

निवडीत अठरा कामं ठेवा. सहा वस्तू आणि जागांची, पाच माणसांची, पाच मालिकेतली आणि दोन स्केचबुकची उघडी पानं, त्यावरच्या खाडाखोडीसकट. पहिली तीन आणि शेवटचं एक सगळ्यात ठाम हवीत. शंका असलेलं काम काढूनच टाका, कारण एक कच्चं चित्र शेजारच्या चांगल्या चित्राबद्दलही शंका निर्माण करतं. चारकोलच्या कामांवर फिक्सेटिव्ह (पूड कागदाला धरून ठेवणारा फवारा) मारताना ते मोकळ्या हवेत, 30 सेंटीमीटर अंतरावरून, पातळ थरांत मारा. एकाच जागी जास्त पडलं तर ओघळ येतो. पांढरा खडू वापरला असेल तर तो मंद होतो, म्हणून आधी रद्दी कागदावर करून बघा. फोटो काढताना काम भिंतीवर उभं, दोन्ही बाजूंनी सारखे दिवे 45 अंशांत, फ्लॅश बंद, कॅमेऱ्याचं भिंग चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर आणि कागदाला समांतर. जवळून काढलं तर कडा बाहेर फुगतात. थोडं मागे जाऊन झूम करा. प्रत्येक फोटोसोबत माध्यम, सेंटीमीटरमध्ये माप आणि वर्ष लिहा.

सोबतचं निवेदन ‘लहानपणापासून आवड होती’ने सुरू करू नका, ते प्रत्येकाचं असतं. शिक्षण सुटल्याचं एका वाक्यात सांगा, त्याचं दुःख उगाळू नका. बाकी सगळी जागा तुम्ही काय बघता आहात आणि पुढे काय शिकायचं आहे याला द्या.

अर्जाआधी संस्थेला लेखी विचारा: आठवड्याला प्रत्यक्ष वर्ग किती तासांचे, मॉडेल किती तास असतं, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी स्टुडिओ उघडा असतो का, पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, आणि तुमचं जुनं पहिलं वर्ष धरलं जाईल का. जुन्या गुणपत्रिका आताच शोधून ठेवा. वर्गाचे जितके तास असतील तितकेच तास घरी लागतील असा हिशेब करा. आठवड्याच्या आठ तासांत पूर्णवेळ पदवी होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. नोकरी सोडायची नसेल तर अर्धवेळ किंवा संध्याकाळचा अभ्यासक्रम निवडा. त्यात कमीपणा काही नाही. अर्ध्यावर दुसऱ्यांदा सोडावं लागणं मात्र फार लागेल.

वर्गातल्या मुलांची धास्ती पहिल्या महिन्यात ओसरते. त्रास होतो तो वेगळ्या दोन कारणांनी. एक म्हणजे शिक्षक तुमच्याशी जास्त सौम्य वागतात. वयाचा मान ठेवून ‘छान आहे’ म्हणतात आणि पुढे जातात. तेव्हा तुम्हीच विचारा, “यातला सगळ्यात कमकुवत भाग कोणता, आणि पुढच्या कामात तो कसा सुधारू?” उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि निदान एक दिवस चित्राला हात लावू नका. चित्र मांडताना बोलणाऱ्यांच्या आधी खुलासे देऊ नका, ‘या वयात आता एवढंच’ असं तर मुळीच म्हणू नका. त्या वाक्यानंतर कुणीही खरं बोलत नाही. दुसरं म्हणजे वर्गाची आई होणं. कुणाचे अर्ज भरून दे, कुणाचं आवरून ठेव, कुणाचं रडणं ऐक. मुलं प्रेमाने ओढतात आणि दोन तासांतला एक तास जातो. मदत सुट्टीत करा. फाइल लहान करणं, स्कॅन साफ करणं, लेअर वापरणं एवढं संगणकावरचं काम आधीच शिकून जा, म्हणजे त्यासाठी स्टुडिओतला वेळ जाणार नाही.

आणि मुदतीबद्दल. अठराव्या आठवड्याच्या शेवटी सगळी कामं भिंतीवर लावा आणि चित्रकलेतल्या एखाद्या जाणकाराला दाखवा, घरच्यांना नको. समोर बघून केलेली दहा कामं तुम्हा दोघांनाही ठाम वाटली तर पुढच्या तीन आठवड्यांत बाकीची भर घालून अर्ज करा. दहा भरत नसतील तर ही फेरी सोडा, लाइफ ड्रॉइंगचा वर्ग चालू ठेवा आणि पुढच्या फेरीला जा. तोवर मालिकेतल्या तीस छोट्या चौकटींच्या साठ होतील, आणि निवडायला जास्त कामं हाताशी असतील.